ओक्लाहोमा : अमेरिकेच्या ४६व्या राज्याची घडण

अमेरिकेच्या संघराज्यात १६ नोव्हेंबर १९०७ रोजी ओक्लाहोमा हे ४६वे राज्य म्हणून दाखल झाले. मूळ १३ राज्यांनंतर आलेल्या बहुतेक राज्यांनी १७८७च्या वायव्य अध्यादेशाने आखून दिलेला क्रम अनुसरला. प्रथम केंद्राच्या अखत्यारीतील प्रदेश, पुरेशी वस्ती झाल्यावर राज्यघटना व शेवटी काँग्रेसची मान्यता, असा तो क्रम होता. ओक्लाहोमाची भूमी मात्र आधीच दुसऱ्यांना देऊन टाकलेली होती.

राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांच्या काळात १८३० मध्ये स्थलांतर कायदा झाला. त्याअन्वये आग्नेय भागातील चेरोकी, चोक्टॉ, चिकासॉ, क्रीक व सेमिनोल या मूलनिवासी राष्ट्रांना मिसिसिपी नदीपलीकडे हलविण्यात आले. १८३८-३९ मध्ये सुमारे १६ हजार चेरोकींना बळाने नेण्यात आले. त्यांतील अंदाजे ४ हजार जण दगावले. तो प्रवास ‘अश्रूंची वाट’ म्हणून ओळखला जातो. नवी भूमी चेरोकींच्या संमतीविना कोणत्याही राज्यात समाविष्ट केली जाणार नाही, असे १८३५च्या करारात नमूद होते.

यादवी युद्धात या राष्ट्रांनी दक्षिणेशी करार केल्याचे कारण पुढे करून १८६६ मध्ये त्यांच्याकडून पश्चिमेकडील मोठा भूभाग काढून घेण्यात आला. ओक्लाहोमा हे नाव त्याच सुमारास सुचले, तेही चोक्टॉ भाषेतील ‘लोक’ आणि ‘तांबडे’ या शब्दांवरून. पुढे रेल्वे आली आणि या भागातील सुमारे २० लाख एकर जमीन वसाहतीसाठी खुली झाली. २२ एप्रिल १८८९ रोजी भर दुपारी १२ वाजता इशारा होताच अंदाजे ५० हजार लोक घोड्यांवरून, गाड्यांतून आणि पायी धावत सुटले. जो आधी पोहोचेल त्याला १६० एकर! सकाळी ओसाड असलेल्या ओक्लाहोमा सिटीत संध्याकाळपर्यंत हजारोंचे तंबू उभे राहिले. काही जण वेळेआधीच आत शिरून लपले होते. त्यांना ‘सूनर’ म्हणत. कौतुकाची गोष्ट अशी, की आज राज्याचे टोपणनाव तेच आहे.

पूर्वेकडील पाच राष्ट्रांनी शांतपणे वेगळा मार्ग धरला. १९०५ मध्ये मस्कोगी येथे त्यांनी घटना परिषद भरवून ‘सिक्वोया’ या स्वतंत्र राज्याची घटना तयार केली. चेरोकी भाषेची लिपी रचणाऱ्या विद्वानाचे हे नाव. मतदारांनी ५६ हजारांहून अधिक मतांनी घटना मान्य केली. विरोधात जेमतेम ९ हजार मते पडली. काँग्रेसने मात्र तिची दखल घेतली नाही. दोन्ही भाग जोडून एकच राज्य करण्यात आले आणि राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी त्याची घोषणा केली.

क्रीक राष्ट्राचे राखीव क्षेत्र काँग्रेसने कधीच विसर्जित केलेले नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ९ जुलै २०२० रोजी पाच विरुद्ध चार मतांनी दिला. त्यामुळे तेथे मूलनिवासींवरील गंभीर गुन्ह्यांचे खटले राज्याच्या कक्षेबाहेर गेले. मूलनिवासींविरुद्ध इतरांनी केलेल्या गुन्ह्यांचे खटले राज्यालाही चालवता येतील, असे त्याच न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले.