घरगुती शिलाई यंत्रावरील मुक्त क्विल्टिंग : हस्तकौशल्य आणि यंत्र यांच्या संबंधाचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
वरचे कापड, मधला कापसाचा थर आणि खालचे अस्तर असे तीन थर एकत्र टाचून तयार केलेल्या पांघरुणास ‘क्विल्ट’ असे म्हणतात. महाराष्ट्रातील गोधडीशी त्याचे नाते जवळचे आहे. जुनी लुगडी व धोतरे एकावर एक अंथरून हाताने धावदोरा घालण्याची गोधडीची रीत येथील घराघरांत परिचित आहे. अमेरिकेत मात्र या गृहकलेचा शिलाई यंत्राशी दीड शतकाहून अधिक काळ संबंध आला. त्यातूनच घरगुती यंत्रावर हाताने कापड फिरवून नक्षी टाचण्याची पद्धत, म्हणजेच ‘फ्री-मोशन क्विल्टिंग’, विकसित झाली. यंत्र आल्याने कौशल्य लोप पावते, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. प्रस्तुत लेखात या समजुतीची क्विल्टिंगच्या इतिहासाच्या आधारे तपासणी केली आहे.

उद्दिष्टे :
१) घरगुती शिलाई यंत्राच्या विकासाचा थोडक्यात आढावा घेणे.
२) मुक्त क्विल्टिंगच्या तंत्राचे व शिक्षणाचे स्वरूप स्पष्ट करणे.
३) हातकाम व यंत्रकाम यांच्या प्रतिष्ठेतील बदलांची कारणमीमांसा करणे.

शिलाई यंत्राचा विकास :
एलियास हाऊ यांना 1846 मध्ये दुहेरी दोऱ्याच्या टाक्याचे, तर आयझॅक सिंगर यांना 1851 मध्ये सुधारित यंत्राचे पेटंट मिळाले. क्विल्टिंगच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा शोध अॅलन विल्सन यांचा होय. त्यांनी 1854 मध्ये पेटंट घेतलेल्या रचनेत सुईखालचे दाते वर येतात, कापड पुढे नेतात, खाली जातात व पुन्हा मागे येतात. या चार हालचालींमुळे प्रत्येक टाका समान लांबीचा पडू लागला. जे काम शिवणाऱ्याच्या बोटांना वर्षानुवर्षांच्या सरावाने साधत असे, ते दात्यांनी आपल्याकडे घेतले. 1856 मध्ये सिंगर कंपनीने हप्त्यांची पद्धत सुरू केल्यावर हे यंत्र मध्यमवर्गीय घरांत पोहोचले. त्या काळात यंत्र ही अभिमानाची वस्तू होती. त्यामुळे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील काही क्विल्टांवर यंत्राचे टाके मुद्दाम दिसतील असे घातलेले आढळतात.

हातकामाची प्रतिष्ठा आणि तिची दुसरी बाजू :
विसाव्या शतकाच्या आरंभी हे चित्र पालटले. औद्योगिक जीवनाला कंटाळलेल्या अमेरिकन समाजात वसाहतकालीन साधेपणाचे आकर्षण वाढले आणि ‘खरा क्विल्ट हाताचाच’ ही धारणा रूढ झाली. 1933 मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनानिमित्त सिअर्स कंपनीने राष्ट्रीय क्विल्ट स्पर्धा घेतली. तीत सुमारे 24,000 क्विल्ट आले. प्रथम पारितोषिक 1,000 डॉलरचे होते. पुढे इतिहास-अभ्यासकांच्या संशोधनातून असे उघड झाले की, सर्वोच्च पारितोषिक मिळालेला क्विल्ट विजेत्या स्पर्धकाने स्वतः शिवलेलाच नव्हता. तो मोलाने काम करणाऱ्या इतर स्त्रियांकडून करून घेतला होता. नाव मात्र एकीचेच झाले. आर्थिक महामंदीच्या त्या काळात कामाची गरज असलेल्या या स्त्रिया गप्प राहिल्या. हातकामाचा गौरव आणि हात राबविणाऱ्यांचा गौरव या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या प्रसंगातून स्पष्ट होते.

मुक्त क्विल्टिंगचे तंत्र व शिक्षण :
या तंत्राचे मूळ यंत्रावरील भरतकामात सापडते. सिंगर कंपनीने 1911 मध्ये यंत्रावरील कलात्मक भरतकाम व लेसकाम यांची सूचनापुस्तिका प्रसिद्ध केली होती. कापड रिंगेत ताणून ते सुईखाली हाताने फिरविण्याची ही रीत भारतातील शिवणवर्गांतही परिचित आहे. क्विल्टिंगमध्ये यंत्राचे दाते खाली उतरवितात किंवा पट्टीने झाकतात आणि नेहमीच्या दाबणाऱ्या पायाऐवजी रफूचा पाय बसवितात. म्हणजेच विल्सन यांचा शोध तात्पुरता रद्द केला जातो. कापड सरकविण्याचे काम पुन्हा हातांकडे येते आणि टाक्याची लांबी सुईचा वेग व हाताची गती यांच्या मेळावर ठरते. हात घाईने फिरला तर टाके लांब पडतात. हात रेंगाळला तर ते एका जागी गोळा होतात. वळणावर हात झटकन ओढला गेल्यास किंवा दोऱ्याचा ताण बिघडल्यास खालच्या बाजूस दोऱ्याचे फास दिसू लागतात. म्हणून नवशिक्याला प्रथम साध्या कापडाच्या तीन थरांच्या लहान तुकड्यावर सराव करावा लागतो. बॉबीनचा दोरा वर ओढून घेणे, आरंभी व शेवटी बारीक टाके घालून दोरा पक्का करणे, नक्षी आधी कागदावर पेन्सिल न उचलता गिरविणे, हा त्याचा क्रम होय. यंत्र हाती आले तरी येथे कौशल्य आयते मिळत नाही.

यंत्रकामाची पुनःप्रतिष्ठा :
1971 मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात जोनाथन होल्स्टीन व गेल व्हान डर हूफ यांच्या संग्रहातील क्विल्ट चित्रांप्रमाणे भिंतीवर मांडले गेले आणि या गृहकलेकडे कला म्हणून पाहिले जाऊ लागले. नेब्रास्कातील शेतकरी अर्नेस्ट हाईट यांनी 1974 मध्ये गृहिणींसाठी यंत्र-क्विल्टिंगचे पुस्तक काढले. तथापि त्यांची पद्धत मुख्यतः सरळ, अखंड रेषांची होती. हॅरिएट हारग्रेव्ह यांच्या 1987 मधील ‘हेअरलूम मशीन क्विल्टिंग’ या पुस्तकाने पिसांसारख्या पारंपरिक वक्र नक्षी घरगुती यंत्रावर कशा साधाव्यात, हे शिकविले. 1989 मध्ये केंटकी राज्यातील पडूका येथील अमेरिकन क्विल्टर्स सोसायटीच्या प्रदर्शनात कॅरिल ब्रायर फॅलर्ट यांच्या यंत्रावर टाचलेल्या क्विल्टास सर्वोच्च पारितोषिक मिळाले. या प्रदर्शनात यंत्रकामाला असा मान मिळण्याची ही पहिलीच वेळ होती. साहजिकच त्यावर वादही झाला.

भारतीय संदर्भ :
यंत्राविषयीच्या या वादाला भारतीय विचारविश्वातही समांतर उदाहरण आहे. यंत्रसंस्कृतीचे कठोर टीकाकार असलेल्या महात्मा गांधींनी 1924 मधील एका संवादात सिंगरच्या शिलाई यंत्राला अपवाद मानले होते. यंत्र माणसाचे श्रम हलके करते की माणसालाच निरुपयोगी ठरविते, ही त्यांची कसोटी होती. महाराष्ट्रातील गोधडीलाही ही कसोटी लावता येते. यंत्रावर शिवलेली गोधडी कमअस्सल मानताना ती शिवणाऱ्या स्त्रीचा वेळ, तिची दृष्टी व तिची मजुरी यांचा विचार क्वचितच केला जातो.

निष्कर्ष :
१) घरगुती यंत्राच्या विकासाची दिशा हाताची हालचाल नियंत्रित करण्याची होती. मुक्त क्विल्टिंगने तेच नियंत्रण जाणीवपूर्वक दूर केले.
२) या पद्धतीत कौशल्य नष्ट न होता त्याचे स्थान बदलले. सुई धरणारी बोटे आता कापड फिरवू लागली.
३) हातकाम व यंत्रकाम यांची प्रतिष्ठा तंत्रापेक्षा समाजाच्या तत्कालीन गरजांवर अवलंबून राहिली.

सारांश, एखादे पांघरूण हाताचे की यंत्राचे, हा प्रश्न अपुरा आहे. ते कोणी शिवले, किती श्रमाने शिवले आणि त्याचे श्रेय कोणाला मिळाले, हे प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाने आधी विचारावयास हवेत. गोधड्या शिवणाऱ्या असंख्य स्त्रियांची नावे कोठेही नोंदली गेली नाहीत, हे ध्यानात घेता या प्रश्नांचे महत्त्व महाराष्ट्रातही तितकेच आहे.