यंत्राला हुकूम द्यावा कसा?

मुंबईत फ्लोरा फाउंटनपाशी, म्हणजे आजच्या हुतात्मा चौकात, मध्यवर्ती तारघराची इमारत आहे. जुलै २०१३ मध्ये तारसेवा बंद झाली. पण लग्नाच्या शुभेच्छा तारेने कशा जात, हे वडीलधाऱ्यांना आठवत असेल. ठराविक वाक्यांना आकडे दिलेले असत. गिरगावातला माणूस नुसता आकडा लिही, आणि गावाकडच्या तारघरात त्याचे पुरे वाक्य होई. दोन्ही टोकांना यादी एकच, म्हणून काम चाले.

नेमका हाच प्रश्न पुढे यंत्रांच्या बाबतीत आला. विजेचा दाब मोजणाऱ्या उपकरणाला हात न लावता, संगणकाकडून हुकूम द्यायचा, तर तो कोणत्या शब्दांत? ह्यूलेट-पॅकार्ड या अमेरिकन कंपनीने १९६०च्या दशकाअखेर एक जोडवाहिनी तयार केली. १९७५ साली ती ‘आय.ई.ई.ई. ४८८’ या नावाने प्रमाण ठरली. एका वाहिनीवर संगणक धरून पंधरा उपकरणे जोडता येत. तारा जुळल्या, पण बोली काही जुळेना! प्रत्येक कारखानदाराचे शब्द निराळे. उपकरण बदलले की सारे हुकूम नव्याने लिहावे लागत. १९८७ मध्ये मजकुराची घडण ठरली, आणि १९९० मध्ये कारखानदारांनी मिळून शब्दही ठरवले. या भाषेला ‘स्किपी’ म्हणतात.

तिचे व्याकरण सोपे आहे. पत्त्यात जिल्हा, तालुका, गाव येते ना, तसे ‘मेझर’, ‘व्होल्टेज’, ‘डीसी’ हे शब्द अपूर्णविरामाने जोडायचे. शेवटी प्रश्नचिन्ह दिले की उपकरण दाब मोजून उत्तर देते. शब्द पुरा लिहा, नाहीतर ठरलेली तीन-चार अक्षरे लिहा. मधले काही चालत नाही. चुकलात, तर ते अंदाज करीत बसत नाही. चूक नोंदवून ठेवते, आणि विचारल्यावर उणे ११३ हा आकडा सांगते. अर्थ असा की, ‘हा हुकूम मला ठाऊक नाही.’ म्हणजे पुन्हा तारघराचीच रीत!

ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडवर विजेच्या सामानाची कितीतरी दुकाने आहेत. एखाद्या शिक्षकाने आज एका कंपनीचे उपकरण घेतले, उद्या दुसरीचे. कंपन्या आपले काही खास शब्द जोडतात हे खरे; पण दोन्ही उपकरणांना स्किपी येत असेल, तर मूळ हुकूम तेच राहतात. शिकलेले फुकट जात नाही, आणि शाळा एकाच दुकानदाराला बांधली जात नाही. सर्वांनी मिळून एक यादी मान्य केली, त्याचे हे फळ आहे.