एक नंबरची कुस्ती कुणाची? बीड जिल्ह्यातला फड आणि त्याचं गणित

आयोजकांनी पहिल्यांदा विषय सुचवला तो बॉक्सिंगचा. परदेशात एका रात्रीत सात-आठ लढती लावतात, त्या यादीला ‘फाइट कार्ड’ म्हणतात आणि ती भरवणारा तो प्रमोटर. मी म्हटलं, उमापुरात बोलायचं तर प्रमोटर आपल्याकडे केव्हापासूनच आहे. आपण त्याला यात्रा कमिटी म्हणतो. (हशा)

कुस्तीचा इतिहास सांगताना आपण कोल्हापूरला जातो. ते बरोबरच आहे. शाहू महाराजांनी खासबागचं मैदान उभं केलं, १९१२ साली ते खुलं झालं, आणि तालमींना राजाश्रय मिळाला. पण राजाश्रय म्हणजे काय, तर पैलवानाच्या खुराकाची बारा महिन्यांची सोय. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. आपल्या गावांच्या वाट्याला असं मैदान आलं नाही. आपला फड म्हणजे यात्रेच्या दुसऱ्या दिवशी मोकळ्या रानात माती भुसभुशीत करून केलेली जागा, भोवती माणसांचं कडं, आणि हलगी. खर्च सगळा वर्गणीतून.

ही वर्गणीची गोष्ट जरा नीट बघू, कारण सगळं तिथंच अडतं. हँडबिल आधी छापावं लागतं. त्यावर एक नंबरच्या कुस्तीचं इनाम, देणाऱ्याचं नाव, खाली दोन नंबर, तीन नंबर. म्हणजे पैसा हातात यायच्या आधी शब्द द्यायचा. पाऊस हुकला, कापूस गेला, की देणारा म्हणतो पुढच्या वर्षी बघू. पैलवान मात्र मोटारभाडं खर्चून आलेला असतो. यात्रेत देवाचा खर्च कमी करता येत नाही, जेवणावळ कमी करता येत नाही, मग कात्री लागते ती इनामाला.

आणि तारीख. कोल्हापूरच्या माणसाला ही अडचण चटकन कळायची नाही. आपल्या जिल्ह्यातली निम्मी गावं दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन कारखान्यांवर जातात. हिवाळा हा कुस्तीचा खरा हंगाम, अंग तापवायचा, घाम गाळायचा. त्या हंगामात गावात म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. मैदान भरवायचं कुणासाठी? म्हणून ऊसतोड परतली की चैत्र-वैशाखाच्या उन्हात फड लागतात. पोरगा चार-पाच महिने मोळ्या उचलून आलेला असतो. ताकद भरपूर, सराव शून्य.

आता जोड लावणं. लहान पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्यांपासून सुरुवात होते, त्या कुणीही लावील. पुढं खरी परीक्षा. इनाम पुकारलं, एक पैलवान हात वर करून कड्याभोवती फिरला, की त्याच्यासमोर कोण? बरोबरीचा नसेल तर अर्ध्या मिनिटात चितपट आणि लोक नाराज. फार बरोबरीचा असेल तर वीस मिनिटं खडाखडी, निकाल नाही, पंचांनी सोडवली, इनाम निम्मं-निम्मं. लोक तरीही नाराज! आणि तिसरी भीती नूरा कुस्तीची, म्हणजे दोघांनी आधीच ठरवून इनाम वाटून घ्यायचं. फडातला जुना माणूस ती पहिल्या पकडीत ओळखतो. एकदा का ‘त्या गावात नूरा झाली’ असं पसरलं की पुढच्या वर्षी वर्गणी मागायला कुठल्या तोंडानं जायचं? उमापूरसारख्या गावाला यात एक सोय आहे. आपण गेवराई तालुक्याच्या टोकाला. इकडं शेवगाव म्हणजे नगर जिल्हा, गोदावरी ओलांडली की पैठण-अंबडचा मुलूख. एकमेकांचे डाव माहीत नसलेले पैलवान जवळपास मिळतात.

निकालाचा प्रश्न काही फक्त गावचा नाही. राज्य कुस्तीगीर परिषदेची महाराष्ट्र केसरी स्पर्धा, तिचा पहिला किताब १९६१ साली आपल्या औरंगाबादला दिनकर दह्यारींनी जिंकला. त्या स्पर्धेतही काही वर्षं किताब अनिर्णीत राहिलेला आहे. १९८२ साली ही स्पर्धा बीडला झाली. संभाजी पाटील जिंकले. जिल्ह्यानं राज्याचं मैदान भरवून दाखवलं, हे खरं. पण मैदान भरवणं वेगळं आणि पैलवान घडवून इथंच ठेवणं वेगळं.

हरिश्चंद्र बिराजदारांचं बघा. लातूर जिल्ह्यातला माणूस, १९६९ चा महाराष्ट्र केसरी. पुढं वस्ताद झाले ते पुण्यात, गोकुळ वस्ताद तालमीत. आणि त्यांच्याकडे शिकायला कोण गेलं? आपल्या पाटोद्याचा राहुल आवारे. वडील बाळासाहेब स्वतः पैलवान, म्हणजे पाया घरचा. बिराजदार २०११ मध्ये गेले, मग काका पवारांनी त्याला घडवलं. ते पण मूळचे लातूरकडचेच. मराठवाड्याचा वस्ताद आणि मराठवाड्याचा शिष्य, भेटतात मात्र पुण्यात. मला हे फार बोलकं वाटतं.

राहुलनं २०१८ ला गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण घेतलं, ५७ किलोत. २०१९ ला जागतिक स्पर्धेत ६१ किलोत कांस्य. आता हा आकडा आपल्या हँडबिलापाशी नेऊन ठेवा. फडात एक नंबरची कुस्ती कुणाची लागते? शंभर-सव्वाशे किलोच्या गड्याची. लोकांना धिप्पाड अंग बघायचं असतं, देणगीदाराला त्याच्या शेजारी फेटा बांधून उभं राहायचं असतं. महाराष्ट्र केसरीची गदासुद्धा वजनदार गटालाच. म्हणजे जगात तिसरा येणाऱ्या वजनाचा पोरगा आपल्या यात्रेत दुपारी तीनला, उन्हात, मधल्या कुठल्यातरी नंबरावर लढणार आणि इनाम घेणार पहिल्याच्या पासंगालाही न पुरणारं. त्यानं बदाम कशाचे खायचे?

यावर कमिटीवाले मला सांगतात, ‘सर, हलक्या वजनाची कुस्ती शेवटी लावली तर कडं फुटतं, माणसं उठून जातात.’ जात असतील. पण आमच्या भागात निकाली आणि चपळ कुस्त्या पोरांच्याच होतात, आणि त्या वेळी माणसं पुढं सरकून बसतात, हेही त्याच कमिटीवाल्यांनी पाहिलेलं आहे. यंदाची हँडबिलं अजून छापायची आहेत. वजन घालून एक तरी चांगल्या इनामाची जोड वरच्या तीन नंबरांत छापता येते का, एवढं मला इथं बसलेल्या कमिटीच्या मंडळींना विचारायचं आहे. आता प्रश्न घेऊ.