पॉलिटेक्निकनंतर उद्योजकतेचे शिक्षण : हिंगोलीच्या तरुणांनी काय निवडावे?

हिंगोलीच्या शासकीय तंत्रनिकेतनातून डिप्लोमा घेतलेल्या आपल्या मुलामुलींपुढे घरचे लोक दोनच वाटा ठेवतात. एक म्हणजे चाकणला किंवा वाळूजला कंपनीत लागणे, दुसरी म्हणजे थेट दुसऱ्या वर्षात इंजिनिअरिंगला प्रवेश घेणे. स्वतःचा उद्योग हा शब्द सहसा निघत नाही. त्याचे कारण साधे आहे. ज्या घरात दुकान, गिरणी किंवा कंत्राटाचा धंदा असतो, तिथे मूल हिशेब, उधारी, बँक आणि गिऱ्हाईक या गोष्टी जेवता जेवता शिकते. आपल्या बहुसंख्य घरांत हे शिक्षण मिळण्याची सोयच नव्हती. म्हणून विद्यापीठातील नाविन्यता आणि उद्योजकतेचा अभ्यासक्रम इतरांसाठी जोडविषय असेल, पण आपल्यासाठी तो घरात न मिळालेल्या शिक्षणाची भरपाई आहे.

बाबासाहेब आणि उद्योग

बाबासाहेबांनी 1918 साली लिहिलेल्या लहान शेतजमिनींवरील निबंधात मांडले, की शेतीवरचा माणसांचा भार कमी करायचा तर देशाचे औद्योगिकीकरण हवे. त्याच सुमारास मुंबईत त्यांनी गुंतवणूक सल्ल्याचा व्यवसाय सुरू केला होता. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक तुटले आणि व्यवसाय बंद पडला, असे त्यांच्या चरित्रात नोंदलेले आहे. पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना 1942 साली सरकारला दिलेल्या निवेदनात त्यांनी अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना विज्ञान व तंत्रशिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मागितल्या. आजचा डिप्लोमाधारक तरुण त्या मागणीचा वारसदार आहे.

मराठवाड्यातले जवळचे उदाहरण मिलिंद कांबळे यांचे. लातूर जिल्ह्यातल्या या तरुणाने नांदेडच्या शासकीय तंत्रनिकेतनात सिव्हिलचा डिप्लोमा केला, पुण्यात बांधकाम व्यवसायात पाय रोवले आणि 2005 साली दलित उद्योजकांची ‘डिक्की’ ही संघटना उभी केली. 2013 साली त्यांना पद्मश्री मिळाली. पुढे ते जम्मूच्या आयआयएमच्या नियामक मंडळाचे अध्यक्ष झाले. त्यांच्या काळात उद्योजकता शिकवणारे वर्ग सहज उपलब्ध नव्हते. आज ते आहेत.

डिप्लोमानंतरचे मार्ग

*थेट दुसरे वर्ष.* राज्य सीईटी कक्षाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून अभियांत्रिकी पदवीच्या दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळतो. त्यासाठी वेगळी प्रवेश परीक्षा नाही, डिप्लोमाचे गुण धरले जातात. खुल्या प्रवर्गाला किमान 45 टक्के आणि राज्यातील राखीव प्रवर्गाला 40 टक्के गुण लागतात. हिंगोलीहून जवळचा पर्याय म्हणजे नांदेडची श्री गुरु गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्था. मराठवाड्यातली अनेक खासगी महाविद्यालये लोणेरे येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाशी संलग्न आहेत.

*पदवीसोबत मायनर.* नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यातील अभियांत्रिकीच्या आराखड्यात मुख्य शाखेबाहेरचा बहुविद्याशाखीय मायनर आला आहे. उद्योजकता, अर्थशास्त्र आणि व्यवस्थापन या गटातले विषयही त्यात आहेत. महाविद्यालय निवडताना विचारा, की उद्योजकतेचा मायनर प्रत्यक्ष चालतो का आणि थेट दुसऱ्या वर्षात आलेल्याला तो घेता येतो का.

*पदवीनंतर एमबीए.* नाविन्यता, उद्योजकता आणि नवउद्योग उभारणी या विषयाचा एमबीए अभ्यासक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने शिक्षण मंत्रालयाच्या इनोव्हेशन सेलसोबत तयार केला आहे.

आमचे मत स्पष्ट आहे : तांत्रिक शाखा सोडू नका. मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रिकलची पदवी आणि जोडीला उद्योजकतेचा मायनर, हा पहिल्या पिढीतल्या मुलासाठी सुरक्षित मेळ आहे. धंदा बसायला वेळ लागला तरी हातात नोकरीयोग्य पदवी राहते.

महाविद्यालयात काय मागायचे?

2019 च्या राष्ट्रीय नाविन्यता व स्टार्टअप धोरणानुसार संस्था विद्यार्थी उद्योजकाला हजेरीत सवलत आणि अभ्यासक्रमात खंड देऊ शकते. जागा व प्रयोगशाळेच्या बदल्यात संस्थेने 2 ते 9.5 टक्के हिस्सा घ्यावा, असे हे धोरण सुचवते. म्हणून काहीही सही करण्याआधी कागद वाचा. 2018 पासून अनेक महाविद्यालयांत ‘इन्स्टिट्यूशन्स इनोव्हेशन कौन्सिल’ आहे, तिचे सभासद व्हा. छत्रपती संभाजीनगरमध्ये ‘मॅजिक’ हे उद्योग उबवण केंद्र आहे. उद्योजकता प्रशिक्षणासाठी 1988 साली स्थापन झालेले महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्रही त्याच शहरात आहे.

प्रोजेक्टमध्ये खरोखर नवे काही असेल, तर स्पर्धेत दाखवण्याआधी पेटंटचा तात्पुरता अर्ज करा. आधी जाहीर झालेल्या गोष्टीचे नवेपण कायद्यापुढे टिकत नाही. तात्पुरत्या अर्जानंतर पूर्ण तपशील देण्यासाठी 12 महिने मिळतात.

विषय जिल्ह्यातच आहे

वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि वसमतलाच बाळासाहेब ठाकरे हरिद्रा संशोधन केंद्र उभे राहत आहे. ओली हळद शिजवून, वाळवून, पॉलिश करेपर्यंत तिचे वजन साधारण पाचव्या हिश्शावर येते. शिजवायला इंधन लागते, वाळवायला दिवस लागतात, मध्ये पाऊस आला तर मालाचा दर्जा पडतो. कमी इंधनाचा बॉयलर मेकॅनिकलचा प्रश्न आहे, सौर वाळवणी इलेक्ट्रिकलचा, प्रतवारीची नोंद कॉम्प्युटरचा. औंढा नागनाथजवळ दुधाळा येथे लायगो प्रकल्प होत आहे. त्याला 2023 साली केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे 2,600 कोटी रुपयांची मंजुरी दिली. एवढ्या मोठ्या बांधकामाभोवती लहान कंत्राटे आणि दुरुस्तीची कामे निघतात. ती घेण्याची तयारी स्थानिक तरुणांनी आतापासून करावी.

पैसा आणि कागद

शिक्षणासाठी : अडीच लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबांना भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, त्यावर उत्पन्न असलेल्यांना फ्रीशिप आहे. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी 2016-17 पासून स्वाधार योजना आहे.

उद्योगासाठी : 2019 पासूनच्या मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात अनुसूचित जातीच्या अर्जदाराचा स्वतःचा वाटा 5 टक्के असतो. अनुदान ग्रामीण भागात 35 आणि शहरी भागात 25 टक्के आहे. स्टँड-अप इंडियाची मुदत 31 मार्च 2025 पर्यंत होती, म्हणून जुन्या माहितीपत्रकावर विसंबू नका, बँकेत चालू योजना विचारा. उद्यम नोंदणी मोफत आहे, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. केंद्राच्या खरेदी धोरणानुसार केंद्रीय खाती व सार्वजनिक कंपन्यांनी 4 टक्के खरेदी अनुसूचित जाती-जमातींच्या सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करायची असते. हा हक्क आपल्यातल्या फार थोड्यांना माहीत आहे.

आता सर्वांत महत्त्वाचे. राज्याच्या सवलतींसाठी नवबौद्ध दाखला चालतो. बौद्धांना अनुसूचित जातीचे केंद्रीय हक्क 1990 च्या दुरुस्तीने मिळाले, पण त्यासाठी केंद्राच्या नमुन्यातला, मूळ जातीची नोंद असलेला दाखला वेगळा काढावा लागतो. व्यावसायिक प्रवेशाला जात वैधता प्रमाणपत्र लागते ते निराळेच. धर्म बौद्ध लिहिण्यात आणि हक्कासाठी मूळ जात नोंदवण्यात कायद्याने विसंगती नाही. ऐन प्रवेशाच्या आठवड्यात दाखल्यासाठी तहसील आणि सेतू केंद्राच्या चकरा मारणारी मुले दरवर्षी दिसतात, आणि त्यातल्या काहींचा प्रवेश तिथेच अडकतो.

कार्यकर्त्यांसाठी

जयंतीच्या वर्गणीतून एक दिवस या कामाला द्यावा. एप्रिलमध्ये विहारात तिसऱ्या वर्षाच्या डिप्लोमाच्या मुलामुलींना पालकांसह बोलवा. प्रत्येकाचे केंद्र व राज्याचे दाखले, वैधता, उत्पन्नाचा दाखला आणि आधार जोडलेले बँक खाते तपासा. काय कमी आहे ते वहीत लिहा आणि कोणता कार्यकर्ता कोणासोबत तहसीलला जाणार ते तिथेच ठरवा. भाषण नंतरही करता येईल. निकाल लागण्याआधी फाईल पूर्ण असली, तर मुलाला महाविद्यालय निवडायला वेळ मिळतो.

जय भीम.