मोरस साखर आणि घाटाच्या पायऱ्या

पोर्ट लुईस पाहायला एक दिवस पुरतो, असं सहलवाल्यांच्या पत्रकात लिहिलेलं असतं. मॉरिशसला जाणारी मंडळी विमानतळावरून थेट समुद्रकाठच्या हॉटेलात जातात आणि राजधानीत फार तर एक दुपार खरेदीला येतात. आम्ही उभयता या शहरात चार दिवस राहिलो, आणि एवढ्याशा शहरात चार दिवस काय केलंत, असं नातेवाइकांपैकी तिघाचौघांनी विचारलं. प्रत्येकाला फोनवर सांगत बसण्यापेक्षा इथेच लिहितो.

शहर खरंच छोटं आहे. एका अंगाला बंदर आणि बाकी बाजूंनी डोंगर. त्यातल्या एकाचं नाव ल पूस, म्हणजे फ्रेंचमध्ये अंगठा, आणि तो दिसतोही तसाच. दगड सगळा काळा, ज्वालामुखीचा, आपल्या सह्याद्रीसारखा. त्यामुळे जुन्या इमारतींच्या भिंती पाहिल्या की परदेशात आल्यासारखं वाटतच नाही.

थोडा इतिहास सांगतो (शिक्षकाची खोड, चालवून घ्या). या बेटावर मूळची माणसंच नव्हती. १५९८ साली डच आले, त्यांनी राजपुत्र मॉरिस याचं नाव बेटाला दिलं. डोडो पक्षी त्यांच्याच काळात संपला. १७१० मध्ये डच निघून गेले, १७१५ मध्ये फ्रेंच आले. १७३५ पासून ला बूर्दोने हा गव्हर्नर होता, त्याने बंदर बांधलं आणि शहर वसवलं. बंदरासमोर त्याचा पुतळा आहे, आणि तिथून सरकारी वाड्यापर्यंत ताडांची दुतर्फा रांग. वाड्याच्या दारात मात्र व्हिक्टोरिया राणी! १८१० साली इंग्रजांनी बेट जिंकलं, पण फ्रेंच मळेवाल्यांची भाषा, कायदे आणि मालमत्ता त्यांच्याकडेच राहू दिली. म्हणून आजही दुकानाच्या पाट्या फ्रेंच, कचेरीचे कागद इंग्रजी आणि लोकांच्या तोंडी क्रिओल.

पहिल्या दिवशी आम्ही ब्लू पेनी संग्रहालय पाहिलं. १८४७ साली इथे पोस्टाची दोन तिकिटं छापली गेली, एक पेनीचं नारिंगी आणि दोन पेन्सचं निळं, प्रत्येकी ५००. आज दोन्ही मिळून पंचवीस-तीसच शिल्लक आहेत. १९९३ साली मॉरिशसमधल्या बँका आणि कंपन्यांनी मिळून सुमारे वीस लाख डॉलर मोजून एक जोडी मायदेशी आणली. उजेडाने रंग उडू नये म्हणून मूळ तिकिटांवर दर तासाला थोडा वेळच दिवा लावतात, एरवी नकला बघायच्या. आम्ही दिवा लागेपर्यंत थांबलो.

या तिकिटांचा मुंबईशीही संबंध आहे. १८५० च्या जानेवारीत पोर्ट लुईसहून एक पत्र निघालं, मुंबईच्या एका बायबल सोसायटीच्या चिटणीसाच्या नावे. त्यावर एक पेनीची दोन नारिंगी तिकिटं. संग्राहक त्याला 'बॉम्बे कव्हर' म्हणतात, आणि १९६८ च्या लिलावात त्या पाकिटाला ३,८०,००० डॉलर आले होते. हे वाचलं तेव्हा गंमत वाटली. तिसऱ्या दिवशी ते पाकीट पुन्हा आठवलं आणि गंमत उरली नाही. का, ते पुढे येईलच.

दुसऱ्या दिवशी किल्ला. ॲडलेड किल्ला, इथे नुसतं सिटाडेल म्हणतात. चढण बेताची, पण ऊन चांगलंच होतं, तेव्हा सौ.ने सावली धरून बसणं पसंत केलं. वरून बंदर आणि घोड्यांच्या शर्यतीचं मैदान दिसतं. शां द मार्स हे ते मैदान १८१२ सालचं आहे, आणि १२ मार्च १९६८ रोजी स्वतंत्र मॉरिशसचा झेंडा इथेच पहिल्यांदा वर चढला. किल्ला बांधला १८३४ ते १८४० मध्ये, आणि तिथे लढाई अशी कधी झाली नाही. मग बांधला कशाला? इंग्रजांना भीती होती ती बाहेरच्या शत्रूपेक्षा शहरातल्याच फ्रेंच मळेवाल्यांची. कारण गुलामगिरी बंद होणार होती.

१ फेब्रुवारी १८३५ रोजी ती कायद्याने संपली. मादागास्कर आणि पूर्व आफ्रिकेतून (काही हिंदुस्थानातूनही) आणलेले साठ हजारांहून अधिक गुलाम तेव्हा बेटावर होते. ब्रिटिश सरकारने नुकसानभरपाई दिली, वीस लाख पौंडांहून जास्त. पण ती गुलामांना दिली नाही. मालकांना दिली! १७४० च्या सुमाराच्या जुन्या लष्करी इस्पितळात २०२३ साली गुलामगिरीचं संग्रहालय उघडलं आहे. इतिहासाची पुस्तकं वाचून हा हिशेब मला माहीत होता, पण त्या काळ्या दगडी खोल्यांत उभं राहून वाचताना तो वेगळाच लागतो.

सुटलेल्या लोकांना पुन्हा त्याच उसात राबायचं नव्हतं. ऊस तर तोडायचा होता. मग नजर वळली आपल्याकडे.

तिसरा दिवस आप्रवासी घाटाचा. बंदराच्या कडेलाच आहे, वर्दळीच्या रस्त्यालगत. १८४९ साली सुरू झालेला हा मजुरांना उतरवून घेण्याचा डेपो. पूर्वी त्याला कुली घाटच म्हणत. आता उरलंय ते अगदी थोडं: दगडी कमान, इस्पितळाच्या खोल्या, स्वयंपाकघराच्या आणि संडासांच्या भिंती, आणि समुद्राकडून वर येणाऱ्या पायऱ्या. २००६ साली युनेस्कोने ही जागा जागतिक वारसा म्हणून जाहीर केली. क्षेत्रफळ १,६४० चौरस मीटर, म्हणजे चाळीस गुंठ्यांच्या एकराचा अर्धाही भाग नाही. आपले लेणी-किल्ले पाहिलेल्या माणसाला 'एवढंच?' असं वाटेल. मलाही पहिली पाच मिनिटं तसंच वाटलं.

२ नोव्हेंबर १८३४ रोजी 'ॲटलस' जहाजातून ३६ मजूर कलकत्त्याहून आले. तो दिवस मॉरिशसमध्ये आजही सुट्टीचा आहे. तिथून पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत साडेचार लाखांहून अधिक माणसं हिंदुस्थानातून या बेटावर उतरली. मधे हालअपेष्टांच्या बातम्यांमुळे १८३९ साली बंदी आली, १८४२ साली ती मॉरिशसपुरती उठली आणि तीन बंदरं मोकळी झाली: कलकत्ता, मद्रास आणि मुंबई. मुंबईहून गेलेले या तिन्हींत सर्वांत थोडे. पण गेले ते बरेचसे कोकणातले.

हा काळ लक्षात घ्या. मुंबईची पहिली कापडगिरणी १८५० च्या दशकातली. म्हणजे कोकणातला माणूस गिरणीत जाऊन चाकरमानी होण्याच्या आधी त्यातले काही हजार मैल दूर उसात गेले होते. मुंबईला गेलेल्याची मनीऑर्डर यायची, गणपतीला तो स्वतः यायचा. यांच्यातले फार थोडे परत आले.

करार साधारण असा: महिना पाच रुपये, शिवाय तांदूळ, डाळ, तेल, मीठ. एक दिवस गैरहजर राहिलं तर दोन दिवसांची मजुरी कापायची. याला तिथे 'डबल कट' म्हणत. परतीचा मोफत प्रवास होता, तोही पुढे बंद केला. करार संपलेल्या माणसालाही खिशात पास बाळगावा लागे, १८६७ च्या कायद्यानंतर फोटोसकट. नसला तर तुरुंग. या जाचाविरुद्ध १८७१ साली एक अर्ज झाला, त्यावर ९,४०१ जुन्या मजुरांची नावं होती. अर्ज लिहायला मदत केली ती द प्लेवित्झ नावाच्या गोऱ्या मळेवाल्याने, आणि त्याबद्दल त्याच्या जातभाईंचा रोष ओढवून घेतला. चौकशी आयोग आला, काही सुधारणाही झाल्या. १९०१ साली दक्षिण आफ्रिकेहून परतताना गांधीजी इथे काही दिवस थांबले, तेव्हा मुलांना शिकवा आणि राजकारणात लक्ष घाला असं त्यांनी या लोकांना सांगितलं.

डेपोत उतरलेल्या प्रत्येकाला क्रमांक मिळे. रजिस्टरात क्रमांक, नाव, बापाचं नाव, वय, उंची, जात, अंगावरची खूण, जहाज, जिल्हा आणि गाव. पळून गेला तर पकडता यावा म्हणून केलेली ही नोंद. माणसाची किंमत नव्हती, हिशेबाची होती. पण आज तेच कागद मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवले आहेत, आणि मॉरिशसची माणसं तिथे जाऊन आपल्या खापरपणज्याचं गाव शोधतात. ज्यांनी धरून ठेवायला नोंद केली, त्यांनी नकळत परत जायची वाट लिहून ठेवली.

हे मला समजावून सांगितलं ते आमच्या टॅक्सीवाल्या गृहस्थांनी. वय पन्नाशीचं, मराठी मंडळींपैकी. मराठी थोडं शाळेत शिकलेले, घरात क्रिओल, आमच्याशी हिंदी. तिथे बहुतेकांची आडनावं म्हणजे आलेल्या पहिल्या माणसाचं नाव. साहेबाने विचारलं, नाव काय? तो म्हणाला सखाराम. झालं, पुढच्या सगळ्या पिढ्यांचं आडनाव साकाराम! खरं आडनाव काय होतं ते समुद्रात गेलं.

तर या गृहस्थांनी संस्थेतून उतारा काढला होता. क्रमांक होता, जहाज होतं, जिल्हा रत्नागिरी होता. गावापाशी गाडी अडली. गावाचं नाव सांगणारा कोकणी, लिहिणारा इंग्रज. त्या स्पेलिंगचं मराठीत निदान तीन प्रकारे वाचन होतं, आणि शेवटी 'वली' असलेली गावं कोकणात किती आहेत ते तुम्हाला ठाऊकच आहे. एकाच नावाची गावं दोन-दोन तालुक्यांत. शिवाय तेव्हाचा रत्नागिरी जिल्हा म्हणजे आजचा रत्नागिरी आणि सावंतवाडी संस्थानाचा मुलूख सोडून आजचा सिंधुदुर्ग, दोन्ही. (त्यांची परवानगी घेतलेली नाही, म्हणून गावाचं नाव इथे देत नाही.) कागद माझ्यापुढे धरून ते म्हणाले, "गुरुजी, आप तो वहीं के हैं, ये कौन सा गाँव है?" तेव्हा मला ते बॉम्बे कव्हर आठवलं. पोर्ट लुईसहून मुंबईला गेलेलं एक पाकीट जगभर शोधलं जातं, जपलं जातं. आणि मुंबईहून पोर्ट लुईसला आलेल्या माणसाचं गाव सांगायला कोणी नाही.

चौथा दिवस बाजारात घालवला. तिथे मात्र ओळखीच्या खुणाच खुणा. कारल्याला मार्गोझ म्हणतात, भेंडीला लालो, दोडक्याला पिपांगाय. ढोलपुरी खाल्ली, डाळ भरलेली मऊ पोळी, वर घेवड्याची रस्साभाजी. सौ.चं मत: पुरणपोळीत गूळ घालायला विसरलेत! गणेशचतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते. मातीचा गणपती, विसर्जन, आणि मराठी मंडळींची जाखडी. दीडशे-पावणेदोनशे वर्षांत भाषा बोलण्यातून गेली, आडनाव गेलं, गाव गेलं, पण जाखडीचे पाय चुकले नाहीत.

आता शीर्षकातली मोरस साखर. माझी आजी पांढऱ्या दाणेदार साखरेला मोरस म्हणायची. उपवासाला, देवाला मोरस चालत नसे, गूळ किंवा देशी खडीसाखर. स्वदेशीच्या चळवळीत मोरस साखरेवर बहिष्कार घालायला सांगत. हा मोरस म्हणजेच मॉरिशस. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथली साखर मुंबईच्या बाजारात भरपूर येऊ लागली, आणि बेटाचं नाव घेऊन आपल्या फडताळात बसली. म्हणजे आमच्या आजीला मोरस शब्द माहीत होता. पण ती साखर करणारे हात तिच्याच मुलखातून गेलेले असू शकतील, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. माल नावानिशी परत आला. माणसं परत आली नाहीत, आणि त्यांची नावंही इथे उरली नाहीत.

उत्तर हिंदुस्थानात गिरमिटियांची निदान गाणी आहेत. आपल्याकडे जुन्या वंशावळीत कुठे कुठे एखाद्या नावापुढे 'परागंदा' किंवा 'निर्वंश' असं लिहिलेलं असतं आणि रेघ तिथेच थांबते. त्यातले सगळेच काही निर्वंश झाले नसतील. एखाद्याची रेघ पोर्ट लुईसच्या बाजारात ढोलपुरी विकत असेल.

तेव्हा कोकणातल्या वाचकांना आणि आमच्या भावकीलाही एक काम सांगतो. घरात जुनी वंशावळ, खातेवही, देवस्थानाची वर्गणीची यादी असेल तर १८४० ते १८७० च्या दरम्यान कोणी घर सोडून गेल्याची नोंद आहे का ते पाहा. वाडीतल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, ती आहेत तोवर. मी त्या उताऱ्याची प्रत घेऊन आलो आहे. दोन गावांत पत्रं टाकली आहेत, तिसऱ्या गावी पाऊस सरला की स्वतः जाणार आहे. काही हाती लागलं तर लिहीनच.