पंख्यावांचून चित्रपेटी

रात्रीं दिवे मंद करून घरांत बोलपट पाहावयास बसावें आणि नायिकेचे हळुवार शब्द शेजारच्या यंत्राच्या घरघरीनें गिळून टाकावे, यासारखा रसभंग नाहीं. एकविसाव्या शतकाच्या आरंभीं संगणकांत साठविलेले चित्रपट दूरचित्रवाणीवर पाहण्याची हौस वाढली, तेव्हां हौशी लोकांपुढें हीच अडचण उभी राहिली. यंत्र स्वस्त हवें, चित्र अडखळतां कामा नये आणि आवाज मुळींच नको, या तीन मागण्यांचा मेळ बसण्यास जवळजवळ एक तप लागलें.

प्रथम आवाजाचें मूळ पाहिलें पाहिजे. चलच्चित्र जसेंच्या तसें साठवावयाचें तर जागा पुरत नाहीं. म्हणून त्याची गणिती घडी घालून ठेवितात, आणि पाहतांना ती क्षणोक्षणीं उलगडावी लागते. हें काम मुख्य प्रोसेसरवर टाकलें कीं तो तापतो. तापला कीं पंखा हवा. आणि पंखा आला कीं आवाज आलाच.

सन २००१ मध्यें तैवानच्या व्हिया कंपनीनें १७ सेंटिमीटर लांबीरुंदीचा मिनी-आयटीएक्स बोर्ड पुढें आणला. त्याचा ५३३ मेगाहर्ट्झचा एक प्रकार पंख्यावांचून चाले. शांतता मिळाली, पण शक्ति तोकडी पडली. त्याच वर्षीं अमेरिकेंत मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स २९९ डॉलरांस विक्रीस आला. तो होता खेळांसाठीं. परंतु हौशी मंडळींनीं त्यांत फेरफार करून चित्रपट दाखविणारा प्रोग्राम रचला. त्याची १.० आवृत्ति २००४ सालीं निघाली, आणि २०१४ पासून तो कोडी या नांवानें ओळखला जाऊं लागला. पेटी स्वस्त झाली. पंखा मात्र राहिला, आणि पुढील काळांतील अधिक रेखीव चित्रांचा भार तिच्या ७३३ मेगाहर्ट्झच्या प्रोसेसरला पेलेना.

खरा तोडगा पंखा दडपून नव्हे, तर काम वांटून सांपडला. घडी उलगडण्यापुरतें स्वतंत्र विद्युन्मंडल चिपमध्येंच बसविलें, तर मुख्य प्रोसेसर बहुतांशीं मोकळा राहतो. २९ फेब्रुवारी २०१२ रोजीं इंग्लंडांतून विक्रीस आलेल्या ३५ डॉलरांच्या रास्पबेरी पाय बोर्डानें हें घरोघरच्या हौशी लोकांना पटवून दिलें. त्याचा मुख्य प्रोसेसर ७०० मेगाहर्ट्झचा, म्हणजे आंकड्यानें दहा वर्षांपूर्वींच्या एक्सबॉक्सहूनही मंद, तरी एच.२६४ पद्धतीचें, १९२० गुणिले १०८० ठिपक्यांचें चित्र तो पंख्यावांचून दाखवी, आणि मोबाइल फोनच्या चार्जरवर चाले.

तथापि या स्वस्ताईला मर्यादा होती. डीव्हीडीची एमपेग-२ घडी चिपकडून उलगडून घ्यावयाची तर निराळा परवाना विकत घ्यावा लागे. आणि २०१३ सालीं मान्य झालेल्या एच.२६५ पद्धतीसाठीं त्या चिपांत मंडलच नव्हतें.

म्हणून अशी पेटी घेणाऱ्या गृहस्थानें मेगाहर्ट्झच्या आंकड्यास भुलूं नये. आपल्या संग्रहांतील चित्रें कोणत्या घडीचीं आहेत, आणि ती उलगडणारा स्वतंत्र कारागीर पेटींत आहे कीं नाहीं, एवढें आधीं विचारावें. तो असेल तर पंख्याची गरज सहसा उरत नाहीं, आणि चित्रपटांतील कुजबुजही स्पष्ट ऐकूं येते.