काडतुसाची सांडशी

काडतूस म्हटले की आपल्याला 1857 आठवते. चरबीचे, दाताने तोडावयाचे ते कागदी काडतूस एकदा उडाले की संपले. पुढे दहा वर्षांच्या आत पितळी काडतूस आले, आणि हिशेबच बदलला. दारू जळते, शिसे जाते. पण महागडी पितळी नळी हातात उरते. ती फेकावी कशाला?

1870 नंतर अमेरिकेच्या माळरानावर बायसन मारीत हिंडणाऱ्या शिकाऱ्यांनी ती फेकली नाही. दुकान कित्येक दिवसांच्या वाटेवर. तेव्हा रात्री शेकोटीपाशी बसून ते नळ्या पुन्हा भरीत.

हत्यार निवडताना मेख होती ती टोपीत. 1866 साली बॉक्सर या इंग्रजाने आणि बर्डान या अमेरिकनाने दोन निरनिराळ्या टोप्या काढल्या. बॉक्सरच्या पद्धतीत नळीच्या बुडाला मधोमध एकच भोक. आतून सुई दाबली की जळकी टोपी बाहेर. बर्डानच्या नळीला मध्य सोडून दोन बारीक भोके. तेथे ही सुई कुचकामी. गंमत अशी, की अमेरिकेने अखेर इंग्रजाची टोपी उचलली, नि युरोपने अमेरिकनाची!

1884 साली जॉन बार्लो यांनी न्यू हेवन येथे 'आयडियल' कारखाना काढला. त्यांच्या सांडशीच्या टोकालाच गोळी ओतण्याचा साचा. टोपी काढणे, बसविणे, गोळी दाबणे, सारे तीतच. फुगलेली नळी पुरती आवळण्याचे बळ मात्र मेजावर पक्क्या केलेल्या दाबयंत्रालाच. खोगिराच्या पिशवीत मावते ती सांडशीच.

पण तोवर बायसनचे कळप जवळजवळ संपले होते, आणि ते संपविण्यात शेकोटीपाशी भरलेल्या नळ्यांचाही वाटा होता. सांडशी मग नेमबाजांच्या घरी गेली. 1925 साली लायमन कंपनीने आयडियलचा धंदा विकत घेतला.